अकरा तासांचे आवाज जमलेत, पण सात मिनिटांची रचना होत नाहीये

अनघा_बडोदे
नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजारात आमचा जुना वाडा आहे. विकला गेलाय, दिवाळीनंतर पाडणार. माजघरात पितळी कड्यांचा झोपाळा आहे, माझ्या पणजोबांच्या वेळचा. रिकामा झोपाळा हलवला की त्याची कडी जाताना वरच्या सुरात आणि येताना खालच्या सुरात कुरकुरते. आम्ही सगळी भावंडं त्या आवाजावर झोपलोय.

गेले आठ महिने मी आवाज गोळा करतेय. झोपाळा, पाटा-वरवंटा, बंबाचं झाकण, देवघरातली घंटा, खंडेराव मार्केटची पहाट, मांडवी दरवाज्याखालची गर्दी, उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणात, गच्चीवरच्या पिपुड्या आणि "काप्यो छे!"चा (कापला रे!) गजर. एकूण अकरा तास भरतील. त्यातून सात मिनिटांची इलेक्ट्रोअकूस्टिक रचना करायची आहे. ज्यांना शब्द नवा असेल त्यांच्यासाठी: माईकने टिपलेले खरे आवाज आणि यंत्रात घडवलेले आवाज घेऊन, स्पीकरमधून ऐकण्यासाठीच केलेलं संगीत. कोजागिरीला रिकाम्या वाड्यात सगळे नातेवाईक जमणार आहेत, तेव्हा ती ऐकवायची. आत्ता पितृपक्ष चालू आहे, म्हणजे महिनासुद्धा हातात नाही.

दोनदा करून पाहिली. दोन्ही वेळा आवाज एकामागून एक येऊन नुसते आपली ओळख सांगून जातात. हा वरवंटा, ही घंटा, ही मांडवी. फोटोंचा अल्बम चाळल्यासारखं होतं. मी सहा वर्षं सतार शिकले, कान बरा आहे. तरी कळत नाही की इथे "रचणं" म्हणजे नेमकं करायचं काय? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगा.

मांडवीकर
आमच्याकडेही होता असा झोपाळा. आई दर दसऱ्याला कड्यांना एरंडेल घालायची. तुमच्या घरी कुणी तेल घालायच्या आत रेकॉर्डिंग पूर्ण करून घ्या!

ग्वाल्हेरचा_शिष्य
अनघाताई, तुमची भावना समजली आणि वाडा जातोय याचं वाईटही वाटलं. पण मनापासून सांगतो, याला संगीत म्हणायला मी तयार नाही. आपल्याकडे नाद आणि नुसता आवाज यांत भेद केलाय तो उगाच नाही. ज्याला षड्ज नाही, ज्याला सम नाही, त्यात गायकाने उभं कुठे राहायचं? आठवणींचं ध्वनिमुद्रण म्हणा. त्यालाही मोल आहे, खूप आहे. पण संगीत हा शब्द जपून वापरावा असं मला वाटतं.

इंदूरची_मावशी
ग्वाल्हेरकर, गाण्यातली माणसं अशीच बोलणार, आमच्या घरातही हेच ऐकते. अनघा, तू कर गं. आणि माणसांचे आवाज विसरू नकोस. वस्तूंच्या आवाजात हाका हरवतात.

रीळकाप
अनघाताई, मी नोकरीभर फितीवर आवाज कापले. संगणकाच्या आधीचा काळ. त्यामुळे जरा लांब लिहितो.

१९४८ साली पॅरिसमध्ये पिएर शेफर नावाच्या रेडिओतल्या इंजिनियरने बातिन्योल स्टेशनात आगगाडीचे आवाज टिपले आणि त्यांचीच एक रचना केली. जेमतेम तीन मिनिटांची. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला ती रेडिओवर वाजली. तुमच्या प्रश्नाची सुरुवात तिथे आहे. त्याच्याकडे फीतसुद्धा नव्हती, तबकड्या होत्या. तबकडीची खाच गोल बंद केली की सुई तिथेच फिरत राहते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक फेरी ०.७७ सेकंदाची, तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा. चौथ्या-पाचव्या वेळेला कान "गाडी, गाडी" म्हणणं सोडतो आणि त्या आवाजाचा पोत, चढउतार, खरखर ऐकायला लागतो. शेफरला हेच हवं होतं. आवाज कशाचा हे बाजूला ठेवून तो कसा आहे ते ऐकणं.

त्याचा दुसरा प्रयोग तुम्ही आज रात्री करून पाहा. देवघरातली घंटा घ्या आणि तिचा सुरुवातीचा ठोका कापून टाका. नुसती मागची गुंजन ठेवा. घंटा घंटा राहत नाही, फुंकून वाजवायच्या वाद्यासारखी होते. आवाजाची ओळख बहुतांशी त्याच्या जन्माच्या क्षणात असते. तुमचे आवाज ओळख सांगून जातात, कारण तुम्ही ते जन्मापासून मरेपर्यंत अख्खे ठेवलेत.

आमच्याकडे फीत सेकंदाला १९ नाहीतर ३८ सेंटीमीटर धावायची. ३८ वर एक अक्षर हाताच्या चार बोटांएवढं दिसायचं. "क" कुठे संपतो ते बोटाने दाखवता यायचं. तिरपा छेद दिला तर सांधा ऐकू येत नाही, सरळ दिला तर टक्क. संगणकात हेच करायचं तर सांध्यावर आवाजाला पाच-दहा मिलिसेकंदांचा उतार (फेड) द्या.

मांडवीकर
रीळकाप काका, घंटेचा प्रयोग आत्ता मोबाईलवर केला. बायको स्वयंपाकघरातून विचारतेय, सनई कुठे वाजतेय!

सूरपेटी
ग्वाल्हेरचा_शिष्य, आदर ठेवून विचारते. तुम्ही तंबोरा लावता तेव्हा घोडीवर तारेखाली दोरा सरकवता ना? तो गव्हाच्या दाण्याएवढा इकडेतिकडे झाला की जवारी, म्हणजे तारेची ती झणझणती गुंजन, बंद पडते. तेव्हा षड्ज तोच असतो, तारही तीच. बदलतो तो फक्त पोत. त्या पोतासाठी आपण अर्धा तास घालवतो, मैफल खोळंबली तरी चालते. चं. वि. रामन यांनी १९२० च्या आसपास हाच विषय अभ्यासला होता. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि वळणदार असल्यामुळे इतके उपस्वर, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे बारीक सूर, कसे उमटतात ते, आणि तबला-मृदंगाच्या शाईमुळे चामड्यातून सुरेल उपस्वर कसे निघतात तेही. म्हणजे आवाजाचा पोत घडवणं ही आपल्याकडे केवढी जुनी कला आहे. हे लोक त्या जवारीलाच रचनेचा मुख्य विषय करतात, एवढंच.

ग्वाल्हेरचा_शिष्य
सूरपेटीताई, जवारीचं अगदी खरं. पण जवारी लावून झाल्यावर आपण गातो. नुसती जवारी ऐकवून श्रोत्यांना घरी पाठवत नाही. उद्या सविस्तर लिहितो, आत्ता शिकवणी आहे.

ध्वनिवेडा_पुणे
बडोदेकरांना आपल्या शेजारची गोष्ट माहीत असायला हवी, म्हणून लिहितो. अहमदाबादला, तुमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं यंत्र, आणून तो मांडून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे रचना केल्या. गीताबेन पखवाज वाजवायच्या, आणि १९४६ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं होतं. १९७२ नंतर हे सगळं विस्मरणात गेलं. फिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. पॉल पर्गस या कलाकार-संशोधकाने त्या शोधल्या आणि २०२३ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्रभर झोप आली नाही. आपण हे परदेशी, परदेशी म्हणत होतो आणि गुजरातेत पन्नास वर्षांपूर्वी माणसं फीत कापत बसली होती! अनघाताई, तुम्ही एकट्या नाही.

गेज_वेडा
आगगाडीचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. प्रतापनगर-डभोईची छोटी गाडी कुणी रेकॉर्ड करून ठेवली आहे का? गायकवाडांच्या संस्थानात १८६२ मध्ये डभोई ते मियागाम छोटी लाइन पडली, आधी बैल ओढायचे! २ फूट ६ इंच रुंदीचे रूळ. त्या डब्यांचा ठेका मोठ्या गाडीसारखा नव्हता, हलका आणि घाईघाईचा होता. आता मोठी लाइन झाली, तो ठेका गेला. माझ्याकडे दोन मिनिटांची कॅसेट होती, तिला बुरशी लागली. कुणाकडे असेल तर प्रत द्या, येण्याजाण्याचा खर्च माझा.

मांडवीकर
गेज_वेडा, माझे मामा डभोईचे, विचारून सांगतो. बाकी अनघाताई, विश्वामित्रीवर मगरीचा आवाज घ्यायला मात्र एकट्या जाऊ नका.

इंदूरची_मावशी
आवाजच घ्यायचे तर इंदूरला ये. रात्री अकराला सराफ्यात कढईत जिलबीचं पीठ पडतं तेव्हा तूप कसं बोलतं ते टिप.

मांडवीकर
मावशी, तूप राहू दे, आमच्या सेव-उसळीची तर्री ओततानाचा आवाज ऐका एकदा.

लंबक
विषयाकडे. अनघाताई, तुळईच्या कडीपासून पाटापर्यंत किती अंतर आहे?

अनघा_बडोदे
@लंबक, मोजून आले. साडेसहा फूट, जरासं कमीच.
@रीळकाप काका, घंटा करून पाहिली. ठोका काढल्यावर ती अशी काही उघडली की मी खुर्चीतून उठले. खूप खूप आभार.
@मावशी, हाका आहेत. आईची "अगंऽ, खाली ये" अशी गच्चीकडे मारलेली हाक आहे. ती वापरायला हात होत नाही.

लंबक
साडेसहा फूट म्हणजे सुमारे दोन मीटर. लंबकाच्या सूत्राने एक पूर्ण झोका २.८ सेकंदांचा. मिनिटाला एकवीस. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये हाच आकडा निघायला हवा, तपासा. म्हणजे तुमच्या वाड्याला स्वतःची लय आहे आणि ती पणजोबांच्या काळापासून बदललेली नाही, कारण साखळीची लांबी बदललेली नाही. ती हलक्या धक्क्यानेही तेवढीच राहते.

सूरपेटी
लंबक, हे वाचून अंगावर काटा आला. मिनिटाला एकवीस म्हणजे विलंबित ख्यालाची मात्रा झाली की ही!

ग्वाल्हेरचा_शिष्य
काल म्हटल्याप्रमाणे सविस्तर लिहितो. रात्री विचार करत होतो.

हे संगीत की नाही यावर माझं मत बदललेलं नाही. पण अनघाताईंचा प्रश्न रचनेचा आहे, आणि त्यावर गाणाऱ्या माणसाला बोलता येईल. ताई, तुम्ही सात मिनिटांत तीस-चाळीस आवाज मांडलेत असं दिसतं. कुणी माझ्यासमोर सात मिनिटांत चाळीस राग गायला तर मी काय म्हणेन? याला राग येतात, गाणं येत नाही. आमच्या घराण्यात अष्टांग गायकी म्हणतात, पण ती आठही अंगं एकाच बंदिशीची असतात. बंदिश आधी साधी मांडतात. मग तिचे बोल घेऊन आलाप, मग बहलावे, मग बोल-ताना, ताना. ऐकणाऱ्याला प्रत्येक वेळी वाटतं की हे सगळं त्या पहिल्या ओळीतच होतं, मला दिसलं नव्हतं. त्याला बढत म्हणतात.

तुम्ही एक आवाज घ्या. माझा सल्ला, झोपाळ्याची कडी. बाकीचे आवाज तिच्यातून निघत असतील तरच आत येऊ द्या. नाहीतर दारात थांबवा.

रीळकाप
शिष्यबुवा, माझ्या चार परिच्छेदांचं काम तुम्ही एका शब्दात केलंत. बढत!

ध्वनिवेडा_पुणे
+१. आणि कडीची बढत करायची ठोस साधनं सांगतो, मी अशा रचना करतो.

एक, वेग कमी करणं. फितीसारखं केलं तर वेग निम्मा झाला की आवाज एक सप्तक खाली जातो आणि दुप्पट लांबतो. संगणकात दोन्ही वेगळं करता येतं, पण या कामाला जुनीच पद्धत गोड लागते.
दोन, गाळणं. त्याच कुरकुरीचा फक्त वरचा पट्टा ठेवला तर झांजेची किणकिण उरते, फक्त खालचा ठेवला तर लाकूड बोलतं.
तीन, कण करणं. आवाजाचे २० ते ५० मिलिसेकंदांचे कण पाडून ते दाट किंवा विरळ पेरायचे. दाट पेरले की सलग ढग होतो, विरळ केले की पावसाचे टपोरे थेंब. उत्तरायणाची गर्दी आणि कडीचे कण एका टप्प्यावर ओळखू येत नाहीत, तिथून एकातून दुसऱ्यात जाता येतं. शिष्यबुवा म्हणतात ते "निघणं" हेच.

सॉफ्टवेअर फुकटचं पुरतं. ऑडॅसिटीत कापाकापी, प्युअर डेटात कण. महागड्या यंत्राच्या मागे लागू नका. मोबाईलवर रेकॉर्ड केलं असेल तर त्याची आवाज आपोआप कमीजास्त करण्याची सोय बंद करा, ती कडीचा श्वासच चेपून टाकते.

अनघा_बडोदे
मंडळी, एक वाईट बातमी.

आज सकाळी वाड्यात गेले ते झोपाळा पुन्हा नीट टिपायला. चांगला रेकॉर्डर मागून आणला होता. झोका दिला आणि आवाजच नाही. काकांनी रविवारी चारही कड्यांना तेल घातलं. कोजागिरीला सगळे येणार, मुलं बसणार, कुरकुर नको म्हणून. त्यांनी मायेनेच केलं, बोलायला जागा नाही. मी पाटावर बसून रडले.

माझ्याकडे जुनं रेकॉर्डिंग फक्त चार मिनिटांचं आहे, रिकाम्या झोपाळ्याचं, मे महिन्यातलं, रात्री पंखा बंद करून केलेलं. त्यातही दोनदा रिक्षा गेलीय.

मांडवीकर
अरेरे. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं ते असं खरं व्हायला नको होतं. ताई, मनापासून वाईट वाटलं.

इंदूरची_मावशी
रडून घे बाळा. मग कामाला लाग.

रीळकाप
चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद, २.८ ने भागा. ऐंशीच्या वर झोके आहेत तुमच्याकडे. शेफरकडे एका फेरीत ०.७७ सेकंद होता. ताई, हे पुष्कळ आहे. आता दुसरं काही मिळणार नाही हे ठरलं ना, तिथूनच काम सुरू होतं. एकेक झोका वेगळा कापून त्याला नाव द्या. ऐंशींत दोन सारखे निघणार नाहीत.

सूरपेटी
आणि वाडा अजून उभा आहे हे विसरू नका. खोल्यांचे आवाज अजून घेता येतील. फुगे घेऊन जा. माजघर, जिना, ओसरी, न्हाणीघर, प्रत्येक ठिकाणी एकेक फुगा फोडा आणि घुमणं पूर्ण विझेपर्यंत रेकॉर्ड करा. त्या फटाक्यात खोलीचा अख्खा स्वभाव उतरतो. पुढे संगणकात कुठलाही आवाज त्या खोलीतून "वाजवता" येतो, त्याला कन्व्हॉल्यूशन म्हणतात. दिवाळीनंतर वाडा नसेल तेव्हाही तुमच्या जिन्यात हाक मारली तर ती तशीच घुमेल. सामान हलवायच्या आधी एकदा आणि रिकामं झाल्यावर एकदा, दोन्ही घ्या. फरक ऐका.

ध्वनिवेडा_पुणे
सूरपेटी, अप्रतिम सुचवलंत. याच जातीची आणखी एक गोष्ट. १९६९ मध्ये अॅल्विन लुसिए यांनी खोलीत काही वाक्यं बोलून टिपली, ती त्याच खोलीत वाजवून पुन्हा टिपली, ती पुन्हा वाजवली, असं करत गेले. दरवेळी खोलीला आवडणारे सूर वाढत जातात आणि शब्द विरघळतात. शेवटी नुसती खोली गुणगुणते. माजघर चार मीटर लांब असेल तर त्याचा सगळ्यात खालचा सूर ४३ हर्ट्झच्या आसपास येईल. छोट्या स्पीकरला तो झेपणार नाही, पण त्याच्या पटीतले वरचे सूर नक्की ऐकू येतील.

अनघाताई, आईची हाक वापरायला हात होत नाही म्हणालात. ती हाक अशी माजघराकडून म्हणवून घेता येईल. शब्द जातील, हाक राहील.

अनघा_बडोदे
नवरात्र चालू झालंय, रात्री गरब्यामुळे काही टिपता येत नाही, म्हणून दिवसा कापतेय. कळवते कुठवर आलंय.

ब्याऐंशी झोके कापले. वहीत प्रत्येकाची नोंद केली. रीळकाप काकांचं खरं आहे, दोन सारखे नाहीत. सत्तेचाळिसावा झोका सगळ्यात गोड. त्याची वरची कुरकुर ०.८ सेकंदाची आहे आणि तिचा सूर १०४० हर्ट्झच्या जवळ. दोन सप्तकं खाली आणली तर २६०, म्हणजे पेटीची पांढरी एक पट्टी! लांबी चौपट झाली, ३.२ सेकंद. ती दर २.८ सेकंदांनी मांडली तर एकीचं शेपूट दुसरीच्या डोक्यावर ०.४ सेकंद टेकतं. तिथे दोन सूर एकमेकांना घासून थरथरतात. सूरपेटीताई, ती थरथर म्हणजे अगदी जवारी हो. मी तिथे दोन दिवस थांबले होते, पुढे जावंसंच वाटेना.

फुगे फोडले. भाचा फोडत होता, मी हेडफोन लावून बसले होते. जिन्याचा आवाज सर्वांत लांब. माजघराचा आश्चर्य वाटावं इतका कोरडा, मातीच्या भिंती सगळं पिऊन टाकतात. मग कळलं की झोपाळ्याचा आवाज इतका जवळचा का वाटायचा.

मांडवी, मार्केट, पाटा-वरवंटा, सगळं काढून टाकलं. घंटा ठोक्याशिवाय आहे. उत्तरायण आहे, पण ते कडीच्या कणांतून येतं आणि परत त्यांत जातं. "काप्यो छे!" एकदाच. आता लांबी साडेपाच मिनिटं.

ग्वाल्हेरचा_शिष्य
सात वरून साडेपाच. आता ही बंदिश व्हायला लागली.

लंबक
एक कल्पना देतो. कोजागिरीला तेल घातलेला झोपाळा माजघरात असेलच. स्पीकर लावाल तेव्हा तो हलता ठेवा. रेकॉर्डिंग रिकाम्या झोपाळ्याचं आहे, झोका २.८ सेकंदांचा. कुणी बसलं की शरीराचा भार पाटाच्या वर येतो, लंबकाची परिणामी लांबी कमी होते आणि झोका साधारण २.६ चा होतो. म्हणजे डोळ्यांना दिसणारा झोपाळा आणि कानांना ऐकू येणारा झोपाळा हळूहळू एकमेकांपासून सुटतील आणि दर ३६ सेकंदांनी पुन्हा जुळतील. तेरा झोके ऐकलेले, चौदा पाहिलेले.

रीळकाप
लंबक, हे तुम्ही गणितातून काढलंत, पण ही संगीतकाराची कल्पना आहे.

ध्वनिवेडा_पुणे
स्पीकर चार ठेवा, चार कोपऱ्यांत, भिंतीकडे तोंड करून. थेट कानावर येऊ देऊ नका. १९७४ पासून पॅरिसला स्पीकरांचा अख्खा वाद्यवृंद मांडून अशा रचना वाजवतात. एक माणूस मध्ये बसून कुठल्या स्पीकरला किती द्यायचं ते हाताने ठरवतो. तुम्हीही बटणं हाताने फिरवा, आपोआप सोडू नका. आणि एक अनुभवाचा इशारा. एका सभागृहात माझी रचना चालू असताना तिथल्या ध्वनिव्यवस्थेवाल्याला वाटलं मशीन बिघडलंय, म्हणून त्याने वरचे सूर पार खाली ओढले. तीन महिन्यांचं काम घोंगडीखाली गेलं. कुणालाही बटणाजवळ बसू देऊ नका!

गेज_वेडा
मांडवीकरांच्या मामांकडे डभोईच्या गाडीची पावणेदोन मिनिटं निघाली. कॅसेट हातात आली आहे. कसे आभार मानू कळत नाही. ध्वनिवेडा, ओव्हनमध्ये वगैरे न घालता स्वच्छ कशी करायची ते व्यक्तिगत निरोपात सांगाल का?

ध्वनिवेडा_पुणे
@गेज_वेडा, निरोप पाठवला. तोवर ती अजिबात चालवू नका.

अनघा_बडोदे
काल कोजागिरी झाली. रात्री दोनला घरी आले, झोपले नाही, लिहितेय.

चौतीस माणसं होती. आधी मसाला दूध गच्चीवर, मग सगळ्यांना माजघरात बसवलं, सतरंजीवर. दिवे बंद, फक्त देवघरात समई. झोपाळ्यावर माझी सहा वर्षांची भाची बसली, तिला सांगितलं, पायाने हळू रेटत राहा, बोलू नकोस. ती साडेपाच मिनिटं एक शब्द बोलली नाही.

पहिला झोका मी तसाच ठेवला होता, न बदललेला. स्पीकरमधून कडी कुरकुरली आणि झोपाळा गप्प हलत होता. धाकट्या आत्याने मान वर करून कडीकडे पाहिलं. काकांनीही. काका उठून कडीला बोट लावून आले आणि बोटाचं तेल पाहत परत बसले. मग आवाज खाली उतरायला लागला, लांबायला लागला, आणि कुणी वर बघेना. सगळे डोळे मिटून होते. लंबक, दोन्ही झोपाळे सुटले आणि जुळले, तुम्ही म्हणालात तसेच. जुळले की भाची मान हलवायची, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आईची हाक शेवटून दुसऱ्या मिनिटाला आहे. अकरा वेळा माजघरातून वाजवून घेतलेली. शब्द नाहीत त्यात. मोठी आत्या म्हणाली, "वहिनी." एवढंच म्हणाली.

संपल्यावर बराच वेळ कुणी दिवा लावला नाही. काका म्हणाले, पुन्हा लाव. तीनदा लावलं.

ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांना फाईल व्यक्तिगत निरोपात पाठवतेय. चार स्पीकरांची मजा येणार नाही, पण अंधारात ऐका.

इंदूरची_मावशी
ऐकलं. आता काही लिहवत नाही. उद्या फोन करते.

रीळकाप
सांधे शोधत होतो. एकही सापडला नाही. शाब्बास.

ग्वाल्हेरचा_शिष्य
अनघाताई, ऐकलं. दोनदा. दुसऱ्यांदा पांढरी एकला तंबोरा लावून घेतला. नावाचा वाद राहू दे. एक विचारायचं आहे. ४ मिनिटं १० सेकंदांच्या आसपास लांबवलेल्या कडीवर एक बारीक सूर चढतो, तीव्र मध्यमाच्या जरा खाली, आणि तिथेच रेंगाळतो. तो तुम्ही घातलाय का?

अनघा_बडोदे
नाही. तो कडीचाच आहे. एकसष्टाव्या झोक्यात आहे. काढायचा प्रयत्न केला होता, निघाला नाही.

ग्वाल्हेरचा_शिष्य
काढू नका.